अर्जासोबतचे दाखले वाटेत हरवतात कोठे?

व्याख्यानासाठी हा विषय आम्ही सुचविला तेव्हा व्यवस्थापक मंडळींपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले की, हा प्रश्न कारागिरांचा. सामान्य नागरिकाने त्यात ऐकण्याजोगे काय आहे? शंका रास्त होती. उत्तरादाखल आम्ही त्यांना एक हकीकत सांगितली. तीच येथे प्रथम सांगतो.

आमच्या परिचयाचा एक शिष्यवृत्ती निधी आहे. पूर्वी त्याचे अर्ज कागदावर भरावे लागत. दाखल्यांच्या नकला टाचणीने जोडून विद्यार्थी खिडकीपाशी उभा राही; कारकून टाचणी काढून दाखले मोजी, पावतीवर 'दाखले पाच' असे लिही आणि शिक्का मारी. पुढे हे सारे संगणकावर आले. घरबसल्या फोनवरून अर्ज भरता येऊ लागला, ही सोय लहान नव्हे. पण पहिल्याच वर्षी एक मुलगी वडिलांना बरोबर घेऊन कार्यालयात आली. तिचा अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडला होता. दहावीची व बारावीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान अशी पाच छायाचित्रे आपण एकदमच पाठविली, असे ती सांगत होती. कारकुनाने पडदा तिच्याकडे फिरवून दाखविला. त्यावर पासबुकाचे पान तेवढे होते. तिने फोन पुढे केला. त्यात पाचही छायाचित्रे होती. दोघांपैकी कोणी तरी खोटे बोलत आहे असा समितीचा समज झाला, आणि कार्यालयात असा समज झाला म्हणजे खोटे कोण ठरते हे सांगावयास नको. वस्तुतः दोघेही खरे बोलत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा तो प्रकार होता, आणि चोर अर्जाच्या पानामागे लपलेला होता.

समितीतल्या एका स्नेह्याने आम्हांला बोलाविले म्हणून आम्हांला हे प्रकरण आतून पाहावयास मिळाले. त्यात जे आढळले ते या एका निधीपुरते नाही. शाळाप्रवेश, नोकरीचा अर्ज, विम्याची मागणी, गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व, जेथे जेथे एका अर्जासोबत अनेक फाइली पाठवावयाच्या असतात तेथे तेथे हेच चार-सहा खड्डे वाटेत असतात.

प्रथम ही वाट कशी आहे ते पाहू.

अर्जातल्या नाव-पत्त्यासारख्या मजकुराची गोष्ट सोपी असते. ब्राउझर 'नाव बरोबर अमुक, गाव बरोबर तमुक' अशी एक लांबलचक ओळ तयार करतो आणि सर्व्हरकडे धाडतो. वेबच्या अगदी आरंभीच्या अर्जांना एवढेच करता येत असे. त्या ओळीत आख्खे छायाचित्र कसे बसवावयाचे? तेव्हा निराळी युक्ती हवी होती, आणि ती टपालाच्या बाजूने आली. ईमेलमध्ये मजकुराबरोबर चित्रे, आवाज वगैरे घालता यावेत म्हणून नॅथॅनियल बोरनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत बसविली. 11 मार्च 1992 रोजी बोरनस्टाइन यांनी त्या पद्धतीने जे पहिले पत्र धाडले त्यात त्यांच्या गायनमित्रांच्या चौकडीचे छायाचित्र आणि त्यांचे गाणे जोडलेले होते. या पद्धतीत एकाच पत्राचे अनेक भाग करतात आणि दोन भागांच्या मध्ये एक सीमारेषा घालतात. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल व लॅरी मासिंटर यांनी नोव्हेंबर 1995 मध्ये हीच युक्ती वेबच्या अर्जाला लावण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. आज आपण फोनवरून दाखला पाठवितो तो त्याच वाटेने जातो.

आपण 'पाठवा' हे बटण दाबले की ब्राउझर एक पुडके बांधतो. आरंभी तो सहसा न सापडेल असा अक्षरांचा व अंकांचा एक तुकडा निवडतो, ती सीमारेषा. पुडक्याच्या वरच्या चिठ्ठीवर तो लिहितो की, आतला माल 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' या प्रकारचा आहे व त्याची सीमारेषा ही अशी आहे. आत पहिली सीमारेषा येते. तिच्याखाली, हा भाग अर्जातल्या कोणत्या रकान्याचा, फाइलीचे मूळ नाव काय, ती कोणत्या जातीची, हे दोन ओळींत असते. मग एक ओळ कोरी आणि मग खुद्द फाइल, जशीच्या तशी. पुन्हा सीमारेषा, पुन्हा दुसरी फाइल. शेवटच्या सीमारेषेपुढे दोन आडव्या रेघा जास्त असतात. त्यावरून सर्व्हरला कळते की पुडके संपले. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच रकान्यात पाच फाइली निवडल्या तर पाच स्वतंत्र भाग होतात आणि पाचांवरही रकान्याचे नाव एकच असते. 1995 च्या मसुद्यात अशा पाचांसाठी पुडक्यात आणखी एक लहान पुडके बांधण्याची सोय सांगितली होती. ती व्यवहारात रुजली नाही. 2015 साली त्याच मासिंटर यांनी नवा मसुदा लिहिला तेव्हा ती काढून टाकली आणि एका नावाचे अनेक भाग पाठवावेत हेच कायम केले. वीस वर्षांनी आपलेच कलम आपल्याच हाताने खोडण्याचा योग फार थोड्या लेखकांना लाभतो.

आता शोधाकडे वळू. फाइल हरवली म्हणजे बहुतेक जण अंदाजाने दुरुस्त्या करू लागतात. कोणी मर्यादा वाढवितो, कोणी ब्राउझर बदलावयास सांगतो, कोणी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो. आमच्या मते प्रश्न एकच विचारावा: पाचांचे पाच दाखले शेवटचे कोठे दिसले? मुक्काम मोजकेच असतात. निवडीच्या बटणापाशी, ब्राउझरातून निघताना, सर्व्हरच्या दारात, कार्यक्रमाच्या हाती आणि शेवटी तबकडीवरच्या कप्प्यात. ज्या मुक्कामाला पाच आले आणि पुढे चार गेले, त्याच्या आसपासच हात घालावयाचा. बाकीच्या ठिकाणी हात लावून नवे घोटाळे निर्माण करू नयेत.

आम्ही त्या मुलीला विचारले, "छायाचित्रे निवडल्यावर बटणाशेजारी काय दिसले?" ती म्हणाली, "पाच फाइली, असं आलं होतं." हा एक महत्त्वाचा पुरावा होता. कारण पुष्कळदा चोरी येथेच होते. निवडीच्या रकान्याला 'मल्टिपल' हा शब्द लावलेला नसेल तर ब्राउझर एकच फाइल घेऊ देतो. तो लावलेला असला तरी दुसरी अडचण आहे. माणसे एक फाइल निवडतात, मग पुन्हा बटण दाबून दुसरी निवडतात, मग तिसरी; पहिल्यांत भर पडत गेली असा त्यांचा समज असतो. साध्या रकान्यात तसे होत नाही. प्रत्येक नवी निवड आधीची पुसून टाकते आणि शेवटची तेवढी उरते. संगणकावर कंट्रोल कळ दाबून धरून आणि फोनवर एकेकीवर खूण करून सर्व फाइली एकाच वेळी निवडाव्या लागतात. ही गोष्ट पानावर लिहिलेली नसेल तर ती अर्जदाराला कळावी कशी? यात अर्जदाराचा दोष काढणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते. निवडलेल्या फाइलींची नावे बटणाखाली दाखविली आणि वाढत्या निवडीची सोय केली, की हे गाऱ्हाणे मिटते. काम एका दुपारचे आहे.

मुलीच्या बाबतीत मात्र निवड बिनचूक होती. म्हणून आम्ही तोच अर्ज तिच्याच पाच छायाचित्रांनिशी संगणकावर भरला आणि ब्राउझरच्या तपासणी खिडकीत बाहेर जाणारे पुडके पाहिले. ही खिडकी हल्लीच्या सर्व प्रमुख ब्राउझरांत असते. संगणकावर बहुधा एफ-12 ही कळ दाबली की उघडते, आणि तिच्यातील नेटवर्क या भागात गेलेल्या पुडक्याची चिठ्ठी व मजकूर वाचता येतो. पुडक्यात पाच भाग होते. पाचांवर 'दाखले' हे नाव होते. म्हणजे ब्राउझर निर्दोष सुटला.

येथे दोन गोष्टी आम्ही मुद्दाम पाहिल्या, त्या सांगतो. फॉर्मवर 'एन्क्टाइप' नावाचा एक गुणविशेष असतो; त्यात मल्टिपार्ट हा प्रकार लिहिला नसेल तर ब्राउझर फाइलीची नुसती नावे धाडतो, फाइली नव्हे. लग्नाच्या मंडपात आहेराची यादी यावी आणि आहेर घरीच राहावा, तसा तो प्रकार. अर्ज 'पोस्ट' ऐवजी 'गेट' पद्धतीने पाठविला तरी हेच होते. दुसरी गोष्ट अलीकडच्या पानांची. त्यांत ब्राउझरला पुडके बांधू न देता जावास्क्रिप्टमधून ते बांधतात. तेथे कार्यक्रम लिहिणारा चिठ्ठीवर मालाचा प्रकार स्वतःच्या हाताने लिहितो आणि सीमारेषा लिहावयास विसरतो. विसरतो म्हणण्यापेक्षा ती त्याला ठाऊकच नसते, कारण ती ब्राउझर ठरवितो. मग सर्व्हरला पुडके मिळते पण फोडता येत नाही. उपाय गमतीचा आहे: ती ओळ खोडावी. काही न लिहिले तर ब्राउझर सीमारेषेसह बिनचूक चिठ्ठी लिहितो. त्याच ठिकाणी पाच फाइली पुडक्यात घालताना 'अपेंड' ऐवजी 'सेट' हा शब्द वापरला, तरीही प्रत्येक फाइल आधीचीला हुसकून लावते.

आता सर्व्हरच्या दारात येऊ. त्या निधीचा कार्यक्रम पीएचपी या भाषेत लिहिलेला होता. 1995 साली रास्मस लेरडॉर्फ यांनी ती प्रथम लोकांपुढे ठेवली; अजूनही असंख्य कार्यालयांचे अर्ज तिच्यावर चालतात. या भाषेचा एक रिवाज आहे. एकाच नावाचे अनेक भाग आले तर ती शेवटचा तेवढा ठेवते. अनेक हवे असतील तर रकान्याच्या नावापुढे रिकामा चौकटी कंस घालावा लागतो. 'दाखले' नव्हे, 'दाखले[]'. कंसांची ती जोडी म्हणजे सर्व्हरला दिलेली सूचना आहे की, बाबा रे, ही एक वस्तू नव्हे, ही यादी आहे. निधीच्या अर्जात ती जोडी नव्हती. यादीत शेवटी पासबुक होते, म्हणून पासबुक राहिले. चारही दाखले दारातून आत आले आणि उंबऱ्यावरच पुसले गेले. पडद्यावर कोठेही चुकीचा शब्द उमटला नाही, कारण सर्व्हरच्या मते चूक अशी काही घडलीच नव्हती.

दुसऱ्या भाषांतही याची भावंडे आहेत. पायथनच्या जँगो या चौकटीत फाइल साध्या रीतीने मागितली तर शेवटची हाती येते. सर्व हव्या असतील तर यादी मागण्याचा निराळा शब्द आहे. नोडच्या जगात मल्टर नावाचे साधन वापरतात. त्याला 'एकच येईल' असे सांगून ठेवले आणि दोन आल्या, तर ते निदान तक्रार करते. आम्हांला हा तक्रारखोर स्वभाव आवडतो. मुकाट्याने गिळणाऱ्या यंत्रापेक्षा ओरडणारे यंत्र बरे.

कंस घातले आणि प्रकरण मिटले असे कार्यालयाला वाटले. ते मिटले नव्हते. कंस घालताच एकही दाखला जतन होईना! कारण मूळ कार्यक्रम एका फाइलीसाठी लिहिलेला होता, आणि यादी आली की पीएचपी ती जरा विचित्र रीतीने मांडते. शाळेच्या गुणपत्रकात एकेका विद्यार्थ्याची एकेक ओळ असते. ओळीत त्याचे मराठी, गणित, इतिहास. पीएचपी हे पत्रक आडवे न लिहिता उभे लिहिते. सगळ्या फाइलींची नावे एका यादीत, सगळ्यांचे प्रकार दुसऱ्या यादीत, तात्पुरते ठिकाण तिसऱ्या यादीत, चुकीचा अंक आणि आकारमान आणखी दोन याद्यांत. तिसरी फाइल पाहावयाची तर प्रत्येक यादीतला तिसरा मणी ओढावा लागतो. नवख्या माणसाला वाटते, पहिली ओळ म्हणजे पहिली फाइल. आणि त्याच्या हाती पाच नावे येतात पण फाइल येत नाही. कार्यक्रमात प्रत्येक क्रमांकासाठी तेच काम पुन्हा करणारे आवर्तन घातले, तेव्हा पाचही दाखले कप्प्यात उतरले. आणखी एक सूक्ष्म फसवणूक: काहीच न निवडता अर्ज धाडला तरी त्या यादीत एक मणी असतो, रिकाम्या नावाचा, आणि त्याचा चुकीचा अंक 4 असतो. नुसते मणी मोजणारा कार्यक्रम 'एक दाखला आला' असे म्हणून मोकळा होतो.

आम्ही निघण्याच्या बेतात असताना कारकुनाने निराळीच कागदपत्रे पुढे केली. काही अर्जांत दाखले तर नव्हतेच, पण नाव, गाव, जन्मतारीख, सारेच कोरे! कोऱ्या अर्जावर 'पाठवा' म्हणणारी मुले एवढी बेफिकीर कशी, असे त्यांना वाटे.

या ठिकाणी थोडे गणित करावे लागेल. पीएचपी बसविल्यावर, कोणी बदल केला नसेल तर, एका फाइलीची मर्यादा 2 मेगाबाइट असते, म्हणजे 20,97,152 बाइट. संपूर्ण पुडक्याची मर्यादा निराळी आहे, ती 8 मेगाबाइट. आणि एका वेळी फाइली 20 पर्यंतच. ही तिसरी मर्यादा 2009 पासूनची आहे. आता समजा, एकेक छायाचित्र 1.8 मेगाबाइटचे आहे. प्रत्येक फाइल मर्यादेच्या आत आहे. पण पाच मिळून 9 होतात. पुडके 8 च्या वर गेले की पीएचपी पुडके फोडतच नाही. मजकूर व फाइली एकाच पुडक्यात असल्यामुळे फाइलींबरोबर नाव-गावही जाते, आणि कार्यक्रमाच्या हाती निव्वळ कोरा कागद येतो. ती मुले बेफिकीर नव्हती. त्यांचे फोन चांगले होते एवढाच त्यांचा अपराध. हल्लीच्या फोनवरचे एकेक छायाचित्र सहज 3-4 मेगाबाइटचे असते.

एकटी फाइल 2 मेगाबाइटच्या वर गेली तर लक्षण वेगळे दिसते. अर्जाचा मजकूर येतो, फाइलीचे नावही येते, पण आकारमान शून्य आणि चुकीचा अंक 1. हे अंक म्हणजे डॉक्टरच्या हाती आलेला रक्ताचा अहवालच. 0 म्हणजे सर्व ठीक. 1 म्हणजे सर्व्हरच्या मर्यादेबाहेर. 3 म्हणजे फाइल अर्धवट आली, बहुधा वाटेत जोडणी तुटली. 6 म्हणजे तात्पुरता कप्पाच नाही. 7 म्हणजे तबकडीवर लिहिता आले नाही. 5 हा अंक यादीत नाही. इतका स्पष्ट अहवाल हाती असताना निधीच्या कार्यक्रमात तो वाचणारी एकही ओळ नव्हती. फाइल मिळाली तर ठेवावी, न मिळाली तर गप्प बसावे असा सगळा कारभार. विसाव्या मर्यादेपलीकडच्या फाइलींना तर अंकही मिळत नाही, त्या आल्याच नाहीत असे समजले जाते.

पुष्कळ ठिकाणी पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स नावाचा दारवान उभा असतो. त्याची आपली वेगळी मर्यादा, आणि ती न बदलल्यास फक्त 1 मेगाबाइट. तो जाड पुडके पीएचपीपर्यंत जाऊच देत नाही. 413 हा अंक दाखवून परत धाडतो. म्हणून मर्यादा वाढवावयाच्या तर दारवानाची, पुडक्याची व एका फाइलीची अशा तिन्ही, आणि क्रमाने: एका फाइलीची मर्यादा सर्वांत लहान, पुडक्याची तिच्याहून मोठी, दारवानाची निदान पुडक्याएवढी. पाच दाखले प्रत्येकी 5 मेगाबाइटपर्यंत चालतील असे ठरविले, तर पुडक्याला 25 आणि वर थोडी जागा मजकुराला व सीमारेषांना हवी. निधीने 30 ठेविली. दोन आतल्या कुलपांच्या किल्ल्या दिल्या आणि फाटकाचे कुलूप तसेच ठेवले, असे आम्ही एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे.

वेळेचाही हिशेब करावा. जोडणीचा वेग मेगाबिटात सांगतात आणि फाइल मेगाबाइटात मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. खेड्यातल्या फोनवर वर जाण्याचा वेग सेकंदाला 1 मेगाबिट मिळाला, तर 20 मेगाबाइटांच्या पुडक्याला 160 सेकंद लागतील. पावणेतीन मिनिटे पडदा स्तब्ध राहिला तर माणूस काय करील? तो बटण पुन्हा दाबील. किती गेले हे दाखविणारी पट्टी ही येथे शोभेची वस्तू नाही. त्याहून बरे म्हणजे छायाचित्र फोनवरच लहान करून मग पाठविणे. दाखला वाचता येण्यासाठी काही भिंतीवर लावण्याएवढे चित्र लागत नाही.

यानंतर जे उघडकीस आले त्याने मात्र आमची झोप उडविली. एका विद्यार्थ्याच्या अर्जात दुसऱ्याच्या घरचा उत्पन्नाचा दाखला निघाला. कारण शोधता शोधता कप्प्यापर्यंत गेलो. कार्यक्रम प्रत्येक फाइल तिच्या मूळ नावानेच सर्वांच्या एकाच कप्प्यात ठेवीत असे. आता फाइलींना नावे देतो कोण? फोन. काही फोन वेबवर चित्र धाडताना त्याला 'इमेज' एवढेच नाव देतात. कप्प्यात 'इमेज' नावाची फाइल सकाळी एकाची आली, दुपारी दुसऱ्याची. दुसरी पहिलीवर बसली. सकाळच्या अर्जात आता दुपारच्या माणसाचे उत्पन्न दिसते. एकाच अर्जातली दोन छायाचित्रेही एकमेकांना अशीच गिळतात. पहिल्या चुकीने दाखला निदान नाहीसा होत होता. या चुकीने खोटा दाखला खऱ्याच्या जागी बसत होता, आणि त्यावर कोणाची शिष्यवृत्ती मंजूर वा नामंजूर होत होती. शिवाय एका घरचे उत्पन्न दुसऱ्याच्या कागदात उघडे पडत होते ते वेगळेच. उपाय साधा आहे: सर्व्हरने प्रत्येक फाइलीला स्वतःचे, कधीही पुन्हा न येणारे नाव द्यावे, आणि अर्जदाराने दिलेले नाव नोंदवहीत नुसते लिहून ठेवावे. पाहुण्याने सांगितलेल्या नावावर विश्वसू नये याला आणखीही कारण आहे. चित्राचे नाव पांघरून एखादा चालता कार्यक्रमच कोणी कप्प्यात सोडू शकतो. म्हणून फाइलीची जात नावावरून न ठरविता तिच्या पोटात डोकावून ठरवावी, आणि तो कप्पा बाहेरून थेट उघडता येणार नाही असा असावा.

मूळ नावांवर भिस्त ठेवण्याची आणखी एक गंमत खास आपल्या मराठीची आहे. 'सातबाऱ्याचा उतारा' असे नाव एखाद्याने फाइलीला दिले. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ती दोन निराळी नावे वाटतात. एका यंत्राने पहिल्या प्रकाराने लिहिले आणि दुसऱ्याने शोधताना दुसऱ्या प्रकाराने, तर समोर असलेली फाइल 'सापडत नाही' असे उत्तर येते. दोन्ही रूपे एकसारखी करून घेण्याची ठरलेली रीत युनिकोडने सांगून ठेवली आहे. ती वापरली पाहिजे. सातबाऱ्याच्या वाट्याला तंटे काय कमी होते, म्हणून हाही यावा!

एक कारण आम्ही शेवटी ठेवले, कारण ते आम्हांला सर्वांत उशिरा सुचले. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत वरचे एकही कारण लागू पडत नव्हते. त्यांना समोर बसवून अर्ज भरावयास लावला. एका मुलाने मोबाइलचा क्रमांक नऊ आकडी लिहिला. पान परत आले. 'क्रमांक तपासा' असे लाल अक्षरांत. नाव, पत्ता, सारे पूर्वीप्रमाणे भरलेले होते. त्याने एक आकडा घातला आणि बटण दाबले. दाखल्यांचा रकाना मात्र परत येताना रिकामा झाला होता, आणि ते त्याच्या ध्यानात आले नाही. आमच्याही आले नसते. ब्राउझर हे हेतुपुरस्सर करतो. एखाद्या पानाला फाइलीचा रकाना स्वतः भरू दिला, तर ते पान आपल्या संगणकातली हवी ती फाइल गुपचूप ओढून नेईल; म्हणून तो रकाना भरण्याचा अधिकार केवळ माणसाचा. हा नियम योग्य आहे आणि तो बदलू नये. बदलावयाचे ते पानाने. मजकुराची तपासणी पाठविण्यापूर्वी त्याच पानावर करावी, किंवा आलेले दाखले सर्व्हरने पहिल्या खेपेलाच बाजूस ठेवून 'हे पाच मिळाले आहेत' असे परतलेल्या पानावर दाखवावे.

निधीच्या समितीने त्या वर्षी मुदत वाढविली. ज्यांच्या अर्जात एकच दाखला होता किंवा सारा अर्जच कोरा होता, त्यांतल्या ज्यांचा पत्ता वा फोन दुसरीकडून मिळू शकला त्यांना पुन्हा बोलाविले. कोऱ्या अर्जांतली सगळी मुले शोधणे शक्य झाले नाही, कारण कोऱ्या अर्जावर नावच नसते. ज्यांच्या कागदांची अदलाबदल झाली होती त्यांचे निकाल थांबवून दाखले नव्याने मागितले. पावतीही बदलली. आता अर्ज पोहोचताच पडद्यावर प्रत्येक दाखल्याचे अर्जदाराने दिलेले नाव, त्याचे आकारमान आणि लहानशी प्रतिमा दिसते; न आलेल्या दाखल्यापुढे तो का आला नाही हे मराठीत लिहिलेले असते, आणि तेवढाच दाखला पुन्हा पाठविता येतो. म्हणजे जुन्या खिडकीवरचा कारकून टाचणी काढून जे करीत असे तेच.

ती मुलगी पुन्हा आली तेव्हा अर्ज तिने कार्यालयातल्या बाकावर बसूनच, आपल्या फोनवरून भरला. पावती आली. तिने ती वडिलांना दाखविली, मग उठून कारकुनाला दाखविली. 'आलेले दाखले: 5'. कारकुनाने आपल्या पडद्यावर पाच मोजले आणि सवयीने शिक्क्याकडे हात नेला.